ठेकेदाराने घर अर्धवट सोडले : नोटीस आधी की मोजमाप आधी?

कोरेगावकर (धागा काढणारा)

नमस्कार मंडळी. आई-बाबांसाठी हा धागा काढतोय. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशातून कोरेगाव तालुक्यात आईच्या नावावरच्या प्लॉटवर घर बांधायला घेतलं. मी पुण्यात नोकरीला असतो आणि महिन्यातून दोनदा जातो, त्यामुळे सगळी देखरेख बाबांकडेच होती.

बांधकाम १,४०० चौरस फूट, मटेरियलसकट दर १,७५० रुपये, म्हणजे एकूण २४ लाख ५० हजार. मुदत दहा महिने. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर दोन पानी करार आहे. आजवर १७ लाख ५० हजार दिलेत. त्यातले १४ लाख ५० हजार बँकेतून गेले आणि ३ लाख रोख, एकेक लाख करून तीन वेळा. रोखीची पावती नाही.

काम कुठवर आलंय? जोतं झालं, कॉलम झाले, स्लॅब पडला, वीटकाम छातीएवढं. तिथून पुढे तीन महिने साइटवर चिटपाखरू नाही. फोन केला की म्हणतो, लोखंडाचे भाव वाढले, आणखी ४ लाख द्या मग माणसं लावतो. हॉलमधल्या दोन कॉलमना खालच्या बाजूला खडी उघडी दिसते. वळवाच्या पहिल्याच सरीत स्लॅब गळला.

त्यात मागच्या आठवड्यात हार्डवेअरवाला दारात आला. ठेकेदाराने सिमेंट उधार नेलंय, घर तुमचं तर पैसे तुम्ही द्या, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी चार मजूर आले, पंधरा दिवसांची हजेरी थकलीय म्हणून. बाबांनी त्यांना चहा दिला आणि रात्रभर जागे राहिले. आई-बाबा सध्या महिना ६,००० भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात.

गावातला दुसरा मिस्त्री सोमवारपासून काम धरायला तयार आहे. धरू द्यावं का? नोटीस द्यावी का? करारात एक ओळ आहे, 'वाद झाल्यास ठेकेदाराच्या इंजिनिअरचा निर्णय अंतिम राहील'. तिच्यामुळे आम्ही अडकलोय का? जाणकारांनी कृपया सांगावं.

निलंगेकर

सरळ पोलीस ठाण्यात जा. ४२० चा गुन्हा दाखल करा. एकदा ठाण्यातून फोन गेला की माणसं आपोआप पैसे काढतात. माझ्या मेहुण्याचं काम असंच झालं होतं.

बार_रूम

कोरेगावकर, सगळ्यात आधी तो सोमवारचा मिस्त्री थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

कारण सांगतो. अशा खटल्यात सगळं एका आकड्यावर येऊन थांबतं. दिलेले पैसे किती आणि त्या दिवशी जागेवर झालेलं काम किती किमतीचं? पैशांचा आकडा बँकेच्या उताऱ्यात सापडतो. कामाचा आकडा मात्र फक्त साइटवर असतो. नव्या मिस्त्रीने चार थर वीट चढवली, कॉलमवर गिलावा मारला की तुमचा पुरावा त्या गिलाव्याखाली गेला. मग ठेकेदार म्हणेल, हे सगळं मीच केलं होतं. किंवा म्हणेल, खराब काम दुसऱ्याने केलं. सातारा काय, पुणे काय, मी पाहिलेल्या निम्म्या पक्षकारांनी इथेच मार खाल्लाय.

म्हणून क्रम असा ठेवा. बाहेरच्या इंजिनिअरकडून मोजमाप करून घ्यायचं, पण ठेकेदाराला लेखी बोलावून. 'अमुक तारखेला, अमुक वाजता संयुक्त मोजमाप आहे, आपण किंवा आपला माणूस हजर राहावं, न आल्यास आपल्या गैरहजेरीत मोजमाप होईल' असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. पोच जपून ठेवा. आला तर उत्तम. नाही आला तरी बोलावलं होतं हे सिद्ध होतं. करार रद्द करायची नोटीस त्यानंतर.

आता निलंगेकरांबद्दल. जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ मध्ये आलंय, १ जुलै २०२४ पासून. पण कलम बदललं तरी मूळ मुद्दा तोच राहिला. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू लागतो. सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितलंय, २००० सालचा हृदय रंजन प्रसाद वर्मा निकाल त्यासाठी नेहमी दाखवला जातो. इथे माणसाने स्लॅबपर्यंत काम केलंय. ठाण्यात 'हे दिवाणी आहे, कोर्टात जा' हेच ऐकायला मिळेल. खोट्या सह्या, खोटी बिलं असं काही हाती आलं तर गोष्ट वेगळी.

निलंगेकर

मान्य. मेहुण्याच्या प्रकरणात काम सुरूच झालं नव्हतं, ठेकेदार पैसे घेऊन पळाला होता. हा फरक माझ्या लक्षात आला नाही.

कव्हरब्लॉक

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, बावीस वर्षं हेच काम. उघडी खडी दिसते त्याला आम्ही हनीकोंबिंग म्हणतो. व्हायब्रेटर नीट फिरला नाही किंवा फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी वाहून गेलं की असं होतं. ते वरवरचं आहे की सळईपर्यंत गेलंय, हे हातोडीने पोकळ भाग काढल्याशिवाय कळत नाही. पण तो भाग काढण्याआधी मोजपट्टी लावून फोटो घ्या.

रिबाउंड हॅमरची चाचणी स्वस्तात होते, तिच्यावरून काँक्रीटचा अंदाज येतो. तेवढ्यावर ताकदीचा आकडा ठोकून सांगता येत नाही. सोबत अल्ट्रासॉनिक चाचणी करा. शंका उरलीच तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा तुकडा, काढून तो लॅबमध्ये दाबून बघतात. हे सगळं ज्या लॅबचा अहवाल ग्राहक आयोगात किंवा कोर्टात टिकेल तिथूनच करून घ्या. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाची लॅब मिळाली तर सर्वात बरं. तिथल्या अहवालावर समोरचा सहसा बोट ठेवत नाही.

एक विचारतो. स्लॅब कोणत्या तारखेला पडला आणि सेंट्रिंग, म्हणजे खालच्या प्लेटा आणि टेकू, कधी काढलं, हे कुणाला आठवतं का? आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, त्याप्रमाणे सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू १४ दिवस ठेवायचे असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे किमान ७ दिवस. स्लॅब गळतो म्हणता, तर पाणी किती दिवस मारलं हेही महत्त्वाचं आहे.

कोरेगावकर

कव्हरब्लॉक, तुमचा प्रश्न वाचून बाबांना फोन केला. ते म्हणाले, थांब, वही बघतो.

मला माहीतच नव्हतं. बाबांनी पहिल्या दिवसापासून शाळेच्या दैनंदिनीसारखी वही लिहिलीय. रोज किती माणसं आली, सिमेंटच्या किती गोण्या उतरल्या, किती ब्रास क्रश सँड आली, पाणी मारलं की नाही, सगळं आहे. स्लॅब पडल्याच्या नोंदीनंतर बरोबर नवव्या दिवशी लिहिलंय : 'आज सर्व सेंट्रिंग काढले. मी विचारले, इतक्या लवकर? म्हणाले, प्लेटा दुसऱ्या साइटवर पाहिजेत.'

आणि रोख रक्कम! तीनही लाखांची नोंद आहे, तारखेसह. त्यातल्या दोन नोंदींखाली ठेकेदाराची सही आहे. बाबा म्हणाले, 'पोरांना वही दिली की सही घ्यायची सवय, म्हणून घेतली.' तिसऱ्या वेळी ठेकेदाराचा मिस्त्री समोर होता, पण सही राहिली.

बार_रूम

त्या वहीला प्लास्टिकचं कव्हर घाला आणि कपाटात ठेवा. त्यात आता एक अक्षरही वाढवू नका, खाडाखोड करू नका. रोजच्या रोज, वाद नसताना लिहिलेली वही हा फार चांगला पुरावा असतो. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश आणि फोटो ज्या मोबाइलवर आहेत तो विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचा वकील करून देईल.

सिडकोवासी

महारेराकडे का जात नाही? माझ्या फ्लॅटची तक्रार तिथेच केली होती, काम झालं.

बार_रूम

तुम्ही बिल्डरकडून फ्लॅट घेतला होता, म्हणून रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, लागू झाला. तिथे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. इथे जमीन घरमालकाची आहे, ठेकेदार फक्त बांधून देतोय, विकत काही नाही. तो रेराच्या अर्थाने प्रवर्तक होत नाही. कोरेगावकरांचा रस्ता ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय.

ओळंबा

मी स्वतः ठेकेदार आहे, सांगली भागात. या माणसाची बाजू घेत नाही, पण आमच्या धंद्यातली दुसरी बाजूही इथे यायला हवी.

पहिली गोष्ट, भाववाढ. करारात भाववाढीचं कलम नसेल आणि दर ठरलेला असेल तर लोखंड वाढलं म्हणून पैसे मागायचा त्याला हक्क नाही. तो धोका आम्ही दर देतानाच धरायचा असतो.

दुसरी गोष्ट मात्र कोरेगावकरांनी प्रामाणिकपणे तपासावी. करारातल्या नकाशापेक्षा काही जास्तीचं काम करून घेतलंय का? जोत्याची उंची, जादा टाकी, बदललेली भिंत? मालक साइटवर येतो, सहज म्हणतो 'हे एवढं करून टाका', आम्ही करतो आणि शेवटी त्याचे पैसे मागितले की तो म्हणतो, करारात कुठे आहे? माझे स्वतःचे दोन लाख असेच एका बंगल्यात अडकलेत. मालकाने सांगून घेतलेल्या आणि त्याचा फायदा घेतलेल्या कामाचा मोबदला कायद्याने द्यावा लागतो. वकीलसाहेब कलम सांगतील.

तिसरं, तो का थांबला ते सांगतो. नव्या साइटची उचल जुन्या साइटच्या उधारीत जाते आणि कुठेतरी साखळी तुटते. तुम्ही पन्नास टक्के कामाला सत्तर टक्के पैसे दिलेत. ते पैसे आता तुमच्या साइटवर नाहीत. दुसऱ्याच कुणाच्या तरी स्लॅबमध्ये आहेत.

बार_रूम

ओळंबा म्हणतात ते कलम करार अधिनियम १८७२ मधलं ७०. जादा काम खरं असेल तर आपण होऊन मोजमापात धरा. समोरच्याचं खरं देणं आधीच मान्य केलेलं असलं की आयोगासमोर तुमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

कोरेगावकर

बाबांना विचारलं. जोतं दीड फूट जास्त उचलून घेतलंय, रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून. वहीत आहे. त्याचे पैसे ठरले नव्हते, पण सांगितलं बाबांनीच. ते म्हणाले, 'त्याचे द्यायलाच पाहिजेत, ते मागायच्या आधी धर.'

साइटवर त्याच्या चाळीसेक सेंट्रिंग प्लेटा पडून आहेत. गावातले लोक म्हणतात, त्या देऊ नका.

बार_रूम

द्या. प्लेटा त्याच्या मालकीच्या आहेत. अडवून ठेवल्या तर उद्या तोच तुमच्याविरुद्ध ठाण्यात अर्ज देईल. दोन माणसांसमोर मोजून यादी करा, फोटो काढा, नेताना सही घ्या.

हार्डवेअरवाल्याला तुम्ही काही देणं लागत नाही. सिमेंट ठेकेदाराने त्याच्या खात्यावर नेलं, व्यवहार त्या दोघांचा. फक्त बाबांनी कुठल्या चलनावर सही किंवा 'मी बघतो' असं लेखी दिलेलं नाही ना, हे बघा. मजुरांचं काय करायचं ते तुमच्या मनावर आहे. माणुसकीने दिलेत तर प्रत्येकाकडून 'ठेकेदाराच्या वतीने, त्याच्या हिशेबातून वळते करण्याच्या अटीवर मिळाले' असं लिहून घ्या.

इंजिनिअरचा निर्णय अंतिम ही ओळ तुम्हाला अडकवत नाही. ज्याचा वादात हितसंबंध आहे असा माणूस लवाद म्हणून चालत नाही. एकतर्फी नेमणुकीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात मिटवलाय. आणि करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार उघडंच राहतं, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ मध्ये ठरलंय.

प्लॉट आईच्या नावावर आहे ना? मग आईंनाही अर्जदार करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. हेल्पलाइन १५१००.

गोदाकाठ

मी नाशिकची. पाच वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्याचं काम असंच सोडून ठेकेदार गेला होता. जिल्हा ग्राहक आयोगात लढून पैसे परत मिळवले, म्हणून अनुभव लिहिते.

घर बांधून देणं ही 'सेवा' आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हे मान्य केलं आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येही गृहबांधणीचा उल्लेख आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुमचे साडेसतरा लाख, म्हणजे १० ते २० लाखांच्या टप्प्यातली फी, ४०० रुपये. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ठेकेदाराच्या गावाला जावं लागत नाही. वाद उपस्थित झाल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र दाखल करायची.

आमची तक्रार दोन वर्षं चार महिने चालली. कायद्यात तीन महिने लिहिलंय, चाचणी लागली तर पाच. ते वाचून आशेवर बसू नका. पण एक गोष्ट कामाला आली. समोरच्याला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि वर फार तर १५ दिवस मिळतात. आमचा ठेकेदार दोन महिन्यांनी जबाब घेऊन आला, तो दाखल करून घेतला नाही. पुढचं सगळं आमच्या प्रतिज्ञापत्रावर आणि इंजिनिअरच्या अहवालावर चाललं.

निकाल लागला तरी त्याने पैसे दिले नाहीत. मग वसुलीसाठी त्याच ग्राहक कायद्याच्या कलम ७१ आणि ७२ खाली अर्ज केले. ७२ मध्ये आदेश न पाळल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. वॉरंट निघालं त्या आठवड्यात त्याचा भाऊ पैसे घेऊन आला. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले, कारण दोन वर्षं सासूबाई मला 'कशाला नादी लागलीस' म्हणत होत्या.

तुम्हाला दिवाणी दावाच लावायचा असेल तर तिथे मुदत तीन वर्षं आहे. पण कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर लागते आणि वेळ आणखी जातो.

कोरेगावकर (पाच आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितोय, क्षमस्व.

पत्र पाठवलं. मोजमापाच्या दिवशी ठेकेदार आला नाही, पण त्याचा मिस्त्री आला. तोच, जो तिसऱ्या लाखाच्या वेळी समोर होता. साताऱ्याच्या इंजिनिअरबाईंनी सकाळी आठ ते दुपारी दोन मोजलं. बाबा वही घेऊन शेजारी. झालेल्या कामाची किंमत जोत्याच्या जादा उंचीचे ६५ हजार धरून १३ लाख १० हजार निघाली. दोन कॉलम आणि स्लॅबच्या दुरुस्तीचा खर्च १ लाख ४० हजार. कॉलमचा दोष सळईपर्यंत गेलेला नाही, हे ऐकून जीव भांड्यात पडला. मिस्त्रीने मोजमापाच्या कागदावर सही केली. जाताना बाबांना हळूच म्हणाला, 'गुरुजी, मी खोटं सांगणार नाही, तिसरे पैसे माझ्यासमोर दिले.'

१७ लाख ५० हजारांतून १३ लाख १० हजार गेले, राहिले ४ लाख ४० हजार. त्यात दुरुस्ती, एकूण ५ लाख ८० हजार. वकिलांमार्फत पंधरा दिवसांची नोटीस दिली. त्यात करार रद्द केल्याचंही लिहिलं आणि मोजमापाची प्रत जोडली.

बाराव्या दिवशी ठेकेदार त्याच्या मामांना घेऊन घरी आला. तीन तास बसले. भाववाढीचा शब्द काढला नाही, मोजमापाचा कागद समोर होता. ४ लाख २५ हजारांवर मिटलं, १ लाख २५ हजार लगेच बँकेतून आणि एकेक लाखाचे तीन चेक. दीड लाख सोडले. मला ते पटत नव्हतं. बाबा म्हणाले, 'मला दोन वर्षं तारखा नकोत, मला पावसाळ्यानंतर घरात जायचंय.' घर त्यांचं, निर्णय त्यांचा.

आता विचारायचंय ते हे, की नुसत्या चेकवर भरवसा ठेवावा का?

बार_रूम

नाही. तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या आणि ही तडजोड लोकअदालतीत नोंदवून घ्या. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. पैसे थकले तर पुन्हा खटला न लढता थेट वसुलीला जाता येतं. चेक परत आला तर चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ चा रस्ता वेगळा आहेच. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला पैसे द्यायला १५ दिवस आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. या तारखा भिंतीवर लिहून ठेवा, एक दिवस चुकला तरी अडचण होते.

ओळंबा

नव्या मिस्त्रीबरोबर करार करताना पैसे महिन्यावर देऊ नका, टप्प्यावर द्या. वीटकाम लिंटेलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या पट्टीपर्यंत) इतके, आतला गिलावा झाल्यावर इतके, फरशी बसल्यावर इतके. पाच टक्के हातात ठेवा आणि एक पावसाळा काढल्यावर द्या. पण एक विनंती, टप्पा झाला की दुसऱ्या दिवशी पैसे द्या. चांगला ठेकेदार त्याच एका गोष्टीवर टिकतो. जादा कामाला वेगळी वही करा, काम सुरू होण्याआधी दर लिहून दोघांच्या सह्या.

कव्हरब्लॉक

आणि कॉलमची दुरुस्ती आधी, गिलावा नंतर. दुरुस्ती करताना तुमच्या इंजिनिअरबाईंना तिथे उभं करा. दुरुस्तीनंतर स्लॅबवर पाणी कोंडून किमान दोन दिवस ठेवा आणि खालून बघा.

कोरेगावकर

लोकअदालतीत नोंद झाली. पहिला चेक वटला. दुसरा पुढच्या महिन्याच्या १० तारखेचा आहे. कॉलमची दुरुस्ती कालपासून सुरू झाली. नव्या कराराचा मसुदा नाव-गाव काढून उद्या इथे टाकतो. ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय त्यांनी तो आपल्या वकिलाला दाखवून वापरावा. बाबांनी जादा कामाची वेगळी वही आणलीय.

गोदाकाठ

दुसरा चेक वटला की नक्की कळवा. आईंना नमस्कार सांगा.

कोरेगावकर

दुसरा वटला, १० तारखेलाच. स्लॅबवर दोन दिवस पाणी कोंडलं होतं, खालून कोरडा आहे.